आईच्या हाती दिलेली विद्या

पीजीसाठी ब्रँच निवडायच्या दिवसांत इंटर्न मुलामुलींशी बोललं, की बालरोगाविषयीची एक भीती हटकून कानी येते. रात्रपाळ्या, लवकर न सापडणारी शीर, किलोमागे मिलिग्रॅम असा औषधाचा हिशेब, हे सगळं जमेल असं त्यांना वाटतं. धास्ती असते ती खाटेभोवतीच्या घरच्यांची. ती खोटी नाही. पण या शास्त्राची सगळ्यांत मोठी कामं त्याच घरच्यांच्या हातून झाली आहेत, हे त्यांना क्वचितच कुणी सांगितलेलं असतं.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावात पटकी पसरली. तिथं काम करणारे दिलीप महलनबीस मूळचे बालरोगतज्ज्ञ. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, ते लावणारे हातही पुरेनात. जुलाब चालू असतानाही ग्लुकोजच्या जोडीनं आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे तोवर माहीत झालं होतं; पण असं पाणी डॉक्टरांच्या देखरेखीविना पाजणं बहुतेकांना धोक्याचं वाटे. महलनबीसांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असं पाणी पिंपांतून कालवून ठेवलं. ते पाजण्याचं काम त्यांनी रुग्णांच्या आयांवर, भावंडांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांखाली उतरलं.

मला यात सर्वांत धाडसाचं वाटतं ते हे सोपवणं. इतक्या कष्टानं मिळवलेली विद्या शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या हाती देताना वैद्याच्या मनातलं काहीतरी सुटावं लागतं. असंच सोपवणं पुढेही झालं. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ च्या सुमारास एडगर रे सानाब्रिया यांनी, काचपेट्या अपुऱ्या म्हणून, कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. (बंग दांपत्यापैकी कुणीही बालरोगतज्ज्ञ नाही. या शाखेच्या लोकांनी ते मनाशी ठेवावं.)

घरच्यांकडून शिकणंही जुनंच. काश्यपसंहितेत, बालरोगावरच्या जुन्या आयुर्वेदीय ग्रंथात, वेदनाध्याय आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं ओळखावं कसं, हा त्यातला प्रश्न. आणि उत्तरात, कान दुखला की मूल हात कानाकडे नेतं, डोकं दुखलं की ते हलवत राहतं, अशी निरीक्षणं. ही कुणी टिपली असतील? रात्रभर मूल मांडीवर घेऊन बसलेल्या माणसानंच. वैद्यानं ती ऐकली, पारखली, सूत्रात बांधली. आजही बाळ ‘कालच्यासारखं पीत नाही’ हे आईचं वाक्य रक्ताचा रिपोर्ट हाती येण्याआधीच जंतुसंसर्गाकडे बोट दाखवतं. ते कानाआड करणारा डॉक्टर मौल्यवान तास गमावतो.

म्हणून बालरोगाच्या पोस्टिंगमध्ये एका संध्याकाळी केसपेपर बाजूला ठेवून एखाद्या आईजवळ बसा. कालपासून बाळात काय बदललं, ते विचारा, तिचं सांगून होईतो थांबा, मग ओआरएस, म्हणजे तेच मीठ-ग्लुकोजचं पाणी, कसं कालवायचं ते तिच्याच हातून करवून घ्या. त्या अर्ध्या तासात तुमचं मन रमलं, तर चॉइस भरताना पीडियाट्रिक्स पहिल्या क्रमांकावर टाका.