दुधाचे माप

सन २००८ मध्ये चीनमध्ये भेसळीच्या दूध-भुकटीमुळे ६ तान्ही बालके दगावली व सुमारे ३ लाख आजारी पडली. दुधात पाणी घातले की प्रथिने कमी भरत. परंतु तपासणी प्रत्यक्षात नायट्रोजनची होती, म्हणून नायट्रोजनयुक्त मेलामाईन मिसळून माप पुरे केले गेले. कागदावर दूध चोख ठरले. मुलांच्या मूत्रपिंडांत मात्र खडे झाले.

दोष एकट्या भेसळ करणाऱ्याचाच काय? निर्भेळ व भेसळीच्या दुधाला एकच भाव मिळू लागला, की प्रामाणिक गवळी तोट्यात जातो. सचोटीलाही खर्च येतो. वाचकहो, तपासणी कडक हवीच. पण चोख दुधाचा रास्त भाव द्यावयास आपण तयार आहोत काय? नसल्यास ती किंमत कोणाचे तरी लेकरू भरते.