टाइम लावणारा माणूस

पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या चौपाटीवर कणसांच्या गाड्या ताडपत्री पांघरून झोपलेल्या असतात. दहानंतर इथे भजी, मटकीभेळ आणि सिंहगडाकडे निघालेल्या मोटारींचा जो गोंधळ उडतो, त्याचा या वेळी मागमूस नसतो. पाण्यावर धुकं असतं आणि रस्त्यावर पळणारे असतात. त्यांत एक आम्ही: पन्नाशीकडे झुकलेले, बुटांवर महिन्याचा किराणा येईल एवढा खर्च केलेले, डिसेंबरच्या पुणे किंवा जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी ‘लाँग रन’ काढणारे. दुसरी, डोणजे-गोऱ्ह्याकडची भरतीची पोरं. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि सेकंदांवर गुण कापले जातात. आणि तिसरे पाण्यापलीकडचे, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र. ते आम्हाला दिसत नाहीत. पण तिथे क्रॉसकंट्री म्हणजे काय असते, हे तिथून बाहेर पडलेला कुठलाही अधिकारी साठीतही डोळे विस्फारून सांगतो. तीन वर्षं पळणाऱ्या त्या पोरांचा फोटो कुठल्याही पेपरात येत नाही, आणि त्यांना तो हवाही नसतो.

याच रस्त्यावर काही वर्षांपूर्वी दहा किलोमीटरची एक शर्यत झाली. झेंडा दाखवायला मालिकांमधला एक अभिनेता आला होता. माणूस सज्जन होता. हसून सगळ्यांबरोबर सेल्फी काढत होता, दोनशे मीटर आमच्याबरोबर पळालाही. घोटाळा पुढे झाला. पहिला आलेला मुलगा कमानीखालून आत आला तेव्हा सगळे कॅमेरे व्यासपीठाकडे तोंड करून होते. तिकडे अभिनेत्याचा सत्कार चालू होता. मुलाने इकडेतिकडे पाहिलं, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला आणि स्वतःच जाऊन पाण्याची बाटली उचलली. दुसऱ्या दिवशी बातमीत अभिनेत्याचं नाव तीनदा होतं. मुलाचं एकदा आलं, तेही आडनाव चुकवून. त्याने किती वेळ घेतला, हे कुठेच नव्हतं.

यावर ‘सेलिब्रिटींनी पळणं बिघडवलं’ असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे भल्या सकाळी अर्ध्या चड्डीत पळणारा प्रौढ गृहस्थ दिसला, तर लोक आधी त्याच्या मागे कुत्रं आहे का ते बघत. पुण्यात आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होते आहे, आफ्रिकेतले धावपटू इथे येऊन जिंकून जात आहेत. पण ती बघायची गोष्ट होती, करायची नव्हती. २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली. तिच्याबरोबरच्या सहाएक किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये नट-नट्या, उद्योगपती, खेळाडू उतरले आणि मध्यमवर्गाला पळण्याची लाज वाटेनाशी झाली. मीही त्याच लाटेतला. नटांनी रस्ता भरला, प्रायोजक आले, धर्मादाय संस्थांना पैसा मिळाला. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

शिवाय या खेळाची रचनाच अशी आहे की त्यात प्रसिद्ध माणसाला आत यायला दार उघडावं लागत नाही. वानखेडेवर बुमराहसमोर तुम्हाला कोणी उभं करणार नाही. मॅरेथॉनमध्ये मात्र जगज्जेता, नट, बँकेतला कारकून आणि भरतीचा पोरगा एकाच रस्त्याने पळतात आणि एकाच घड्याळाखालून आत येतात. त्या घड्याळाला वशिला चालत नाही. अमेरिकेत २०१२ साली उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार पॉल रायन यांनी मुलाखतीत सहज सांगून टाकलं की आपण मॅरेथॉन तीन तासांच्या आत पळालो आहोत. पळणाऱ्यांच्या एका मासिकाने जुने निकाल उकरले. १९९० सालच्या त्या शर्यतीत त्यांना चार तासांहून एक मिनिट जास्तच लागलं होतं. राजकारणातल्या कितीतरी थापा पचतात. ही पचली नाही, कारण प्रत्येक पळणाऱ्याला त्या एका तासाची किंमत पायांनी ठाऊक असते.

म्हणजे भांडण प्रसिद्ध माणसाशी नाही. प्रश्न आपण शर्यतीकडे कशाने बघतो हा आहे: कॅमेऱ्याने की घड्याळाने?

घड्याळाने बघण्याची आपल्याकडची सर्वांत मोठी गोष्ट याच पुण्यात घडली. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत सर दोराबजी टाटांनी शेतकरी घरांतली पोरं अनवाणी पळताना पाहिली. दोराबजी त्या काळचं बडं प्रस्थ, जिमखान्याचे अध्यक्ष. बक्षीस देऊन, टाळ्या वाजवून, फोटो काढून ते घरी जाऊ शकले असते. त्यांनी त्या पोरांच्या वेळा पाहिल्या आणि युरोपातल्या वेळांशी ताडून बघितल्या. या वेळा तिकडच्यांच्या पंगतीला बसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला, काही अंशी दोराबजींच्या स्वतःच्या पैशाने. बेळगावकडचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन पळाले आणि २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. ती शर्यत आजच्यापेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची. भारताच्या ऑलिंपिक चळवळीचं मूळ असं एका श्रीमंत माणसाच्या मोजणाऱ्या नजरेत आहे. तेव्हा खरा सेलिब्रिटी रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याला पळणाऱ्याची वेळ ठाऊक होती.

आज नेमकं उलट झालंय. हायले लेमी बेरहानू हा इथिओपियाचा धावपटू २०१६ साली बोस्टन मॅरेथॉन जिंकला होता. २०२३ मध्ये त्याने मुंबईत २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांचा स्पर्धाविक्रम केला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. बोस्टन जिंकलेला माणूस मरीन ड्राइव्हवरून दोनदा पळत गेला, आणि त्या दोन्ही सकाळी रस्त्यालगत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना त्याचं नाव सांगता आलं असतं? शिवनाथ सिंग १९७८ साली जालंधरला २ तास १२ मिनिटांत पळाले. तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ उभा होता. बिहारचा हा सैनिक पायांना फक्त चिकटपट्टी लावून पळायचा. त्याचा चेहरा आपल्यातल्या कितींना आठवतो?

अनवाणी पायांवरून आठवलं. २०१६ साली अभिनेते मिलिंद सोमण अहमदाबादहून मुंबईकडे पळत येत असताना त्यांच्या आई, उषा सोमण, महामार्गावर साडी नेसून अनवाणी त्यांच्याबरोबर पळाल्या. तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याच्या तीनएक वर्षं आधी, बारामतीच्या स्पर्धेत लता करे नऊवारीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या गटात तीन किलोमीटर पळून पहिल्या आल्या होत्या. पतीच्या उपचारांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते. दोघींना पेपरांनी एकच शब्द लावला: प्रेरणादायी. एकीच्या अनवाणी पायांमागे हौस होती, दुसरीच्या पायांमागे दवाखान्याचं बिल. हा फरक ‘प्रेरणा’ या शब्दाने पुसून टाकला. पुढे लताबाईंवर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. चांगलंच झालं. पण औषधपाण्यासाठी साठीच्या बाईला पळावं का लागतं, हा प्रश्न कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच राहिला.

मिलिंद सोमणांबद्दल मात्र एक सांगायला हवं. ते राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते, पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पुरी केली, २०१७ मध्ये फ्लोरिडातली पाचशे किलोमीटरहून लांब अल्ट्रामॅन पुरी केली. आपल्या मागे येणारा कॅमेरा त्यांनी शेवटच्या रेषेपर्यंत ओढत नेला, दोनशे मीटरवर सोडला नाही. प्रसिद्ध माणसाने शर्यतीत यावं तर असं.

‘पण मॅरेथॉनमध्ये दाखवायचं काय? दोन तास नुसते पाय हलताना दिसतात,’ असं एका पत्रकार मित्राने मला ऐकवलं. मी त्याला आषाढीची आठवण करून दिली. वारीत तरी काय होतं? माणसं चालतात. तरी आपले पेपर दोन-अडीच आठवडे रोज पालखीचा मुक्काम सांगतात, दिवेघाट चढतात, रिंगण रंगवतात, कुठल्या तरी गावच्या म्हाताऱ्या वारकऱ्याशी बोलतात. नटनटी वारीत आली की तिचाही फोटो येतो, पण त्यामुळे वारी झाकली जात नाही. कुस्तीचंही तसंच. कोल्हापूरकडच्या वाचकाला पैलवानाची तालीम, वस्ताद, त्याचा ठेवणीतला डाव माहीत असतो. संथ गोष्ट सांगायची कला मराठी पत्रकारितेला येते. पळण्याला फक्त त्याचे दर्दी मिळालेले नाहीत. तिसाव्या किलोमीटरनंतर अंगातलं साठवलेलं इंधन संपतं, पाय शिशाचे होतात, तिथेच शर्यत ठरते. पण तिथे कोणाचा कॅमेरा नसतो. कॅमेरे सुरुवातीला आणि शेवटी असतात, म्हणजे नेमके जिथे काही ठरत नाही तिथे.

आणि महाराष्ट्राकडे सांगण्यासारखं कमी आहे का? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर लागोपाठ तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. दुष्काळी माणदेशातल्या या मुलीची देशाने खरी दखल घेतली ती २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचल्यावर. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात जाऊन सियाचेनला राहून आला. २०२० मध्ये अर्धमॅरेथॉन साडेसाठ मिनिटांत पळाला, तेव्हा तो आकडा आम्हा पळणाऱ्यांच्या गटांतच फिरला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूच्या पाच शतांश सेकंद मागे राहून त्याने रौप्य घेतलं, तेव्हा कुठे त्याच्या गावात गाड्या पोचल्या. जवळून बघणाऱ्याला त्याआधीच सगळं दिसत होतं. वेळा लिहून ठेवलेल्या होत्या, वाचणारं कोणी नव्हतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धरणाच्या भिंतीजवळ मी पाय मोकळे करत उभा होतो. एक पोरगा आला, जुने बूट, शर्टाच्या जागी शाळेचा बनियन. म्हणाला, “काका, टाइम लावता का? सोळाशे मारतो.” रस्त्यावर त्याने अंतर मोजून चुन्याची रेघ मारून ठेवली होती. त्याने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. सवयीने माझा अंगठा आधी कॅमेऱ्यावर गेला.

“तो नाय काका,” तो म्हणाला, “बाजूचं. घड्याळ.”

तो पळाला. धुक्यात दिसेनासा झाला, वळणावरून परत आला, रेघ ओलांडून पुढे जाऊन थांबला. मी बटण दाबलं. धापा टाकत त्याने माझ्या खांद्यावरून डोकावून आकडा पाहिला, “अजून आठ सेकंद,” एवढंच म्हणाला आणि परत रेघेकडे चालायला लागला. मोबाइल माझ्याच हातात होता. मी आकडा पुसून घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं आणि त्याची वाट बघत उभा राहिलो.