कावळा शिवला म्हणजे काय?

मुलांशी खोटे बोलू नये, हे तत्त्व अमान्य असलेला पालक विरळा. आणि ते तंतोतंत पाळणारा त्याहूनही विरळा. प्रश्न व्याकरणाचा वा गणिताचा असला की आम्ही सत्यवादी असतो. देहाचा आला की मात्र आम्हांस एकाएकी कथाकाराची प्रतिभा लाभते.

बदलीच्या निमित्ताने आम्ही कोलकात्यात आलो, त्यास चार वर्षे झाली. येथे बंगाली पंचांगाच्या सात आषाढाला, म्हणजे २२ जूनच्या सुमारास, अंबुबाची लागते. या दिवसांत धरित्री रजस्वला होते अशी श्रद्धा असल्याने जमीन नांगरीत नाहीत. तिकडे गुवाहाटीस कामाख्येच्या मंदिराचे द्वार तीन दिवस बंद असते. शेजारच्या काकीमांकडून हे ऐकून आलेल्या आमच्या दहा वर्षांच्या कन्येने विचारले, "बाबा, रजस्वला म्हणजे काय?" आम्ही शब्द जुळवीत आहोत तोच, गावाहून आलेल्या आमच्या मातोश्री म्हणाल्या, "कावळा शिवतो, बाळ." मुलीने खिडकीबाहेर पाहिले. कोलकात्यात कावळ्यांस तोटा नाही. "मग एवढ्या मोठ्या पृथ्वीला कोणता कावळा शिवला?"

आम्हांस हसू आले नाही. आमच्या धाकट्या भगिनीस प्रथम 'कावळा शिवला' तेव्हा तिला पडवीत बसविले होते. आम्हीही लहानच होतो. कावळ्याची नक्कल करीत आम्ही तिच्याभोवती फिरलो. ती गुडघ्यांत मान घालून रडली. घरात कोणीही आम्हांस रागावले नाही, कारण रागवावयाचे तर कारण सांगावे लागले असते.

अज्ञान निरागस असते असे म्हणतात. पण त्याची किंमत कोणी तरी दुसराच मोजतो, हे आम्ही त्या पडवीत पाहिले आहे.

मुलीस हे सांगण्याचे वय कोणते? बहुधा दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान पाळी सुरू होते. देह पालकांच्या धीराची वाट पाहत नाही. जिला आधी ठाऊक नसते, ती रक्त पाहून आपणांस दुखापत वा रोग झाला असे समजते. तेव्हा न सांगणे ही शालीनता नव्हे. ते भयाच्या हाती मुलीस एकटीला सोपविणे होय. हे काम आईचे, बापाने दूर राहावे, असे कोणी म्हणेल. परंतु बाप दूर राहिला की मुलगी त्यावरूनही काही शिकते: यात पुरुषापासून लपविण्याजोगे काही आहे, हेच ती शिकते.

विटाळाची उपपत्ती पाहू गेल्यास तीही विलक्षण आहे. तैत्तिरीय संहितेतील कथेप्रमाणे इंद्राने विश्वरूपाची हत्या केली आणि ते पाप पृथ्वी, वृक्ष व स्त्रिया यांना वाटून दिले. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय आमच्या कार्यालयातही टिकणार नाही. उलट आपल्याच भाषेत तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी हा देहाच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव मानून विटाळ नाकारला. चोखोबांच्या सोयराबाईंनी विटाळावाचून कोणता देह जन्मला, असा सवाल केला. आणि १९२७ ते १९५३ पर्यंत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य'मधून देहाविषयी उघडपणे लिहीत राहिले. म्हणजे खरे बोलणे ही काही परकी चाल नव्हे.

त्या सायंकाळी सौभाग्यवती व आम्ही मुलीस जवळ बसविले. गर्भाशयात बाळासाठी दर महिन्यास एक मऊ अस्तर तयार होते. बाळ यावयाचे नसले की ते रक्तासह बाहेर पडते. दोन ते सात दिवस हे चालते. सारे मिळून रक्त दोन-तीन मोठ्या चमच्यांइतके. प्रारंभीची एक-दोन वर्षे ते अनियमित असू शकते. आणि ते घाणेरडे नसते, असे सांगितले. तिने विचारले, "दुखतं?" सौभाग्यवती म्हणाल्या, "कधी कधी. तेव्हा सांगायचं, लपवायचं नाही."

मग दुसरा प्रश्न आला. "आजी तर म्हणते, तेव्हा देवाजवळ जायचं नाही." आम्ही म्हणालो, "आजीला लहानपणी तसेच शिकविले. आमचे मत निराळे आहे." "मग ते तुम्ही आजीला का नाही सांगितलंत?"

चक्रधर, सोयराबाई, कर्वे यांपैकी कोणीही आमच्या मदतीस आले नाही. लहानाशी खरे बोलण्यास ज्ञान पुरते. वडीलधाऱ्यांशी खरे बोलण्यास धैर्य लागते, आणि त्यांचा अवमान न होईल इतकी मायाही लागते.

त्या रात्री आम्ही प्रथम भगिनीस फोन केला व पडवीतील त्या दुपारची क्षमा मागितली. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "तुला आठवतं?"

मातोश्रींशी बोलावयाचे अद्याप राहिले आहे. भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. पाळीच्या दिवसांत नकळत घडलेल्या शिवाशिवीच्या प्रायश्चित्तासाठी मातोश्री आजवर ते व्रत करीत आल्या आहेत. नात शेजारी बसलेली असेल आणि प्रश्न विचारील. त्यापूर्वी आम्ही बोललेले बरे.