मोहलतीची किंमत



कर्जाच्या हप्त्याची तारीख पुष्कळ घरांत जड पावलांनी येते. कोणाचा पगार लांबलेला असतो, कोणाची रिक्षा गॅरेजमध्ये उभी असते, कोणाच्या घरी आजारपणात साठवलेले पैसे संपलेले असतात. त्या तारखेला खात्यात पुरेशी रक्कम नसली, की दुसऱ्या दिवसापासून कर्जदार नकळत एक वस्तू विकत घेऊ लागतो. ती वस्तू म्हणजे मोहलत. तिची किंमत त्याने ठरवलेली नसते आणि पुष्कळदा त्याला ती ठाऊकही नसते. अडचणीत सापडलेल्या माणसाकडून मोहलतीची किंमत घेणे न्याय्य आहे काय? आपल्या देशात गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर नियम झाले, निवाडे झाले आणि बँकिंग क्षेत्राने त्यांना आपापल्या परीने प्रतिसाद दिला. त्या घडामोडींकडे दीनच्या शिकवणुकीच्या प्रकाशात पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हकीकत समजून घेऊ. १२ एप्रिल २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जखात्यांवरील दंडासंबंधी परिपत्रकाचा मसुदा प्रसिद्ध केला आणि १८ ऑगस्ट २०२३ रोजी अंतिम परिपत्रक काढले. हप्ता चुकला की ठरलेल्या व्याजदरावर आणखी काही टक्के ‘दंडात्मक व्याज’ लावण्याची रीत तोपर्यंत रूढ होती. प्रत्येक संस्थेची पद्धत वेगळी असल्यामुळे ग्राहकांच्या तक्रारी व वाद वाढले होते. परिपत्रकाने सांगितले, की दंड लावायचाच असेल तर तो व्याज म्हणून लावू नये, ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून वेगळा दाखवावा. तो मुद्दलात मिळवू नये व त्यावर पुढे व्याज आकारू नये. दंड हा चुकीच्या प्रमाणात आणि वाजवी असावा. व्यवसायाव्यतिरिक्त अन्य कारणासाठी कर्ज घेणाऱ्या व्यक्तीला, तशाच चुकीबद्दल कंपन्यांना लागणाऱ्या दंडापेक्षा अधिक दंड लावू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दंडाचा हेतू परतफेडीची शिस्त लावणे हा आहे, उत्पन्न वाढवणे हा नव्हे, असे रिझर्व्ह बँकेने त्यात स्पष्ट नमूद केले.

एका उदाहरणाने हे उलगडेल. समजा, एका रिक्षाचालकाचा ८,००० रुपयांचा हप्ता थकला आणि त्यावर दरमहा दोन टक्के दंड लागला. दंड झाला १६० रुपये. हे १६० रुपये कर्जाच्या रकमेत मिळवले, तर पुढच्या महिन्यापासून त्यांच्यावरही व्याज चढू लागते. जे पैसे त्या माणसाने कधी हातात घेतलेच नाहीत, त्यांच्यावरही तो व्याज भरतो. रक्कम लहान दिसते. परंतु महिने जातात, हप्ते चुकत राहतात आणि ज्याची पत सर्वांत कमी, त्याच्याच कर्जाला सर्वांत वेगाने अंकुर फुटतात. नव्या नियमाने ही एक वाट बंद केली.

हा नियम १ जानेवारी २०२४ पासून लागू व्हायचा होता. काही संस्थांनी रिझर्व्ह बँकेला कळवले, की काही मुद्द्यांचे स्पष्टीकरण हवे आहे आणि संगणकीय व्यवस्थेत बदल करण्यासाठी वेळ लागेल. २९ डिसेंबर २०२३ रोजी, मुदत संपायला तीन दिवस उरले असताना, तीन महिन्यांची वाढ मिळाली. नव्या कर्जांना नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. जुन्या कर्जांसाठी ३० जून २०२४ ही अखेरची तारीख ठरली.

वाचकहो, ही मागणी खोटी होती असे मी म्हणत नाही. लाखो खात्यांचा हिशेब ठेवणारी यंत्रणा एका रात्रीत बदलत नाही. ज्यांची अडचण खरी होती, त्यांना मोहलत मिळाली हे योग्यच झाले. मात्र या घटनेत एक धडा आहे. मोहलत मागणाऱ्या संस्थांवर दर दिवसाला दंड चढला नाही. त्यांची अडचण ऐकली गेली, ती खरी मानली गेली आणि मुदत वाढवून दिली गेली. ज्या कर्जदाराचा हप्ता चुकतो, त्याची अडचणही अनेकदा तितकीच खरी असते. तरी त्याच्या मोहलतीचा हिशेब पहिल्या दिवसापासून पैशांत होतो. जी सवलत आपल्यासाठी आपण न्याय्य मानतो, ती आपल्या देणेकऱ्याला देताना आपली जीभ का अडखळते? माझ्या मते या विषयातील खरा नैतिक प्रश्न हाच आहे.

इस्लामने रिबा हराम ठरवला, हे आपणां सर्वांना माहीत आहे. मात्र अज्ञानकाळातील अरबांमध्ये रिबाचे जे रूप विशेष प्रचलित होते, ते पुष्कळांना ठाऊक नसते. कर्जाची मुदत भरली की सावकार देणेकऱ्यापुढे दोनच पर्याय ठेवी: आता फेड कर, नाहीतर रक्कम वाढवून दे. देणेकऱ्यापाशी पैसे नसत. तो वाढ कबूल करी. पुन्हा मुदत भरे, पुन्हा वाढ होई. सूरह आले-इमरानच्या १३० व्या आयतीत दुपटी-चौपटीने वाढणारा रिबा खाण्यास जी मनाई आली आहे, तिचे विवरण करताना मुफस्सिरांनी हीच रीत सांगितली आहे. म्हणजे तो रिबा मुदत चुकल्याच्या क्षणी जन्माला येई, आणि त्यात विकली जाणारी वस्तू होती मोहलत. याउलट सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीची शिकवण अशी, की देणेकरी तंगीत असेल तर त्याला सुस्थिती येईपर्यंत मोहलत द्यावी, आणि कर्ज सोडूनच दिले तर ते अधिक भल्याचे. जी वस्तू सावकार विकत होता, ती अल्लाहने देणेकऱ्याचा हक्क ठरवली.

कोरोनाच्या साथीत हा प्रश्न संपूर्ण देशापुढे उभा राहिला. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांच्या हप्त्यांना स्थगितीची मुभा दिली. हप्ते थांबले, पण व्याज थांबले नाही. थांबलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढू लागले. कर्जदार सर्वोच्च न्यायालयात गेले. ठेवीदारांना व्याज देणे बँकांना भागच आहे, मग कर्जदारांचे व्याज सोडणार कसे, असा युक्तिवाद तेथे झाला. सर्वच कर्जांचे व्याज सोडायचे तर सहा लाख कोटी रुपयांहून अधिक भार पडेल, असे केंद्र सरकारने सांगितले. न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी निकाल दिला. संपूर्ण व्याजमाफी नाकारली. परंतु स्थगितीच्या काळातील व्याजावर व्याज अथवा दंडात्मक व्याज कोणाकडूनही घेऊ नये, आणि घेतले असल्यास ते परत करावे किंवा पुढील हप्त्यात वळते करावे, असा आदेश दिला. ज्याला मोहलत दिली, त्याला चूक करणारा समजून त्याच्यावर बोजा वाढवता येत नाही, हे तत्त्व त्यामुळे देशाच्या कायद्यात नोंदले गेले.

आता बँकांच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा पाहू. दंडाचा धाक नसेल तर लोक कर्ज फेडणारच नाहीत, असे म्हटले जाते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. एका मय्यतीवर दोन दिनारांचे कर्ज आहे असे कळल्यावर आप (स.) यांनी स्वतः जनाज्याची नमाज पढवण्याचे थांबवले, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच नमाज पढवली. इस्लाम कर्जबुडव्याचा कैवारी नाही.

परंतु इस्लाम दोन माणसांत फरक करतो: एक, ज्याच्यापाशी नाही; दुसरा, ज्याच्यापाशी आहे पण जो देत नाही. पहिल्याला मोहलत, दुसऱ्याला ताकीद. संगणक हा फरक करू शकत नाही. त्याला फक्त तारीख दिसते. मग दुसऱ्याला शिस्त लावायची कशी? इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानदंड ठरवणाऱ्या बहारीनमधील ‘आयोफी’ या संस्थेने एक वाट सुचवली आहे: देणे लांबवल्यास ठरावीक रक्कम दानधर्मात देण्याचे वचन ऐपतदार कर्जदाराकडून करारातच घ्यावे, पण त्या रकमेतील एक पैसाही संस्थेने आपल्या नफ्यात धरू नये. काही आलिमांना ही तरतूदही मान्य नाही. तरी तिच्यामागील विचार लक्षात घेण्यासारखा आहे. दंड खरोखर शिस्तीसाठी असेल, तर तो कोणाच्या पेटीत जातो याची दंड लावणाऱ्याला फिकीर नसावी. तो दुसरीकडे वळवावा म्हणताच जर जीव कासावीस होत असेल, तर हेतू शिस्तीचा होता की कमाईचा, हे त्याचे त्यालाच कळेल. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातही शिस्त आणि कमाई यांत नेमका हाच भेद केला आहे. मात्र शुल्काची रक्कम संस्थेकडेच राहते.

नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, याचेही भान हवे. करारात शब्दांपेक्षा आशय पाहावा, असा फिकहचा नियम आहे. ‘व्याज’ खोडून ‘शुल्क’ लिहिले आणि रक्कम तेवढीच ठेवली, तर कर्जदाराच्या खिशाला कोणता फरक पडला? म्हणूनच परिपत्रकात संस्थांना बजावले आहे, की व्याजदरात नवा घटक घुसडू नये आणि नियम अक्षरात व आशयात दोन्हींत पाळावा.

येथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. या नियमामुळे बँकेचे व्याज हलाल होत नाही. मूळ व्याज तसेच आहे, त्याची नेहमीची चक्रवाढही तशीच आहे, आणि क्रेडिट कार्डांना हे परिपत्रक लागूच नाही. मग मुसलमानाने अशा नियमाचे स्वागत का करावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सीरतमध्ये आहे. येमेनच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील आस बिन वाइल या मातबर माणसाने घेतला आणि पैसे दिले नाहीत. तेव्हा काही सज्जन अब्दुल्लाह बिन जुदआन याच्या घरी जमले आणि पीडिताला त्याचा हक्क मिळवून देण्याचा करार त्यांनी केला. नुबुवतपूर्वीचा तो करार. करणारे मूर्तिपूजक समाजातले. तरी पैगंबर (स.) त्यात सामील होते, आणि इस्लामच्या काळातही तशा कामाला बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी पुढे सांगितले. न्याय ज्या कोणाच्या हातून होईल, त्याला आपला हात लागावा. जुलमाचा एक पदर कमी झाला तर शुक्र करावा. उरलेले पदर आहेत हे विसरू नये.

आणि आता आपल्याकडे वळू या. बँकांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या दुकानाच्या वहीत ज्याची उधारी आहे, त्याचे काम सुटल्याचे कळल्यावर आपण काय करतो? भाडेकरूचे भाडे एक महिना लांबले तर आपला सूर कसा असतो? आणि आपल्याकडे कोणाचे देणे असेल, तर हातात पैसे येताच प्रथम ते फेडतो, की आधी लग्नाचा मंडप घालतो? अरफातच्या मैदानावर, हिजरी सन १० मध्ये, पैगंबर (स.) यांनी अज्ञानकाळातील सर्व रिबा रद्द केल्याचे जाहीर केले. सर्वांत प्रथम कोणाचा रिबा रद्द केला? आपले चुलते हजरत अब्बास बिन अब्दुल मुत्तलिब (रजि.) यांचा. सुधारणा स्वतःच्या घरापासून सुरू झाली, आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदतवाढ मागितली गेली नाही.

ज्यांच्यावर आधीच असे कर्ज आहे, त्यांनी निदान आपला हक्क जाणून घ्यावा. दंडाची रक्कम व कारण कर्जाच्या करारात लिहिलेले असले पाहिजे. थकबाकीच्या स्मरणपत्रात लागू होणारा दंड कळवला पाहिजे आणि दंड लावल्यावर त्याचे कारणही सांगितले पाहिजे. तो मुद्दलात मिळवलेला दिसला तर प्रथम त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी; तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. देण्याघेण्याचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवण्यास कंटाळू नये, ही सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीची शिकवण आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी वाचणे हेही तिचेच पालन समजावे.

एका व्यापाऱ्याची हकीकत हदीसमध्ये आली आहे. तंगीतल्या देणेकऱ्याशी सौम्यतेने वागा, असे तो आपल्या नोकरांना सांगत असे. बहुधा अल्लाहही आपल्याशी तसाच वागेल, अशी त्याला आशा होती. अल्लाहने त्याला माफ केले. आपण सगळेच त्या दिवशी मोठी थकबाकी घेऊन उभे राहणार आहोत. अल्लाह आपल्याला देणे वेळेवर फेडण्याची ऐपत, तंगीतल्याला मोहलत देण्याचे मोठे मन आणि हलाल रोजीवर समाधान देवो. आमीन.