ओसाड म्हटलेला माळ

सज्जनहो, गेली चाळीस वर्षे कीर्तनात मी एक दृष्टांत देत आलो: हरिनामावाचूनचे जीवित म्हणजे ओसाड माळ, नुसते गवत! आज तो दृष्टांत मी मागे घेतो. का, ते ऐका.

अमेरिकेत इलिनॉय नावाचे राज्य आहे. ‘प्रेअरीचे राज्य’ ही त्याची जुनी ओळख. प्रेअरी म्हणजे गवताचे अफाट रान. पुरुषभर उंच गवत, आणि मुळे दहा-दहा फूट खोल. १८३७ साली जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी नांगर घडविला, आणि पुढे ती चिवट भूमी उलथली गेली. मका पिकला, माणसे जगली. त्याला नावे कोण ठेवील? पण २ कोटींहून अधिक एकरांपैकी अस्सल प्रेअरी १९७८ च्या पाहणीत सुमारे २३०० एकरच आढळली. तीही बरीचशी जुन्या दफनभूमीत नि आगगाडीच्या रुळांकडेला, जिथे नांगर पोहोचला नव्हता.

१९७७ साली शिकागो नदीच्या उत्तर फाट्याकाठी स्टीव्ह पॅकर्ड व त्यांचे सोबती यांनी ही सेवा आरंभली. वेतन नाही, बिदागी नाही. शरदात बी वेचायचे, थंडीत बाहेरून येऊन माजलेली झुडपे तोडायची, आणि बेताने माळ पेटवायचा. तुम्ही म्हणाल, “महाराज, जाळणे ही कसली सेवा?” अहो, त्या गवताचा जीव मुळात असतो. वरचे जळाले तरी ते पुन्हा फुटते. मागे हटते ते त्यावर चढून बसलेले झुडूप.

खरी परीक्षा पुढेच. पेरलेले गवत पहिली काही वर्षे वर फारसे दिसतच नाही. ते खाली मूळ धरीत असते. पाहणारा म्हणतो, श्रम फुकट गेले! ही माणसे मात्र पुढल्या वर्षी पिशवी घेऊन पुन्हा हजर. फलाशा सोडा, असे आम्ही उभ्याने सांगतो. ते गुडघे टेकून तसे करतात.

आपल्या पंढरीच्याच सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. तो पक्षी माळावाचून जगत नाही. तरी आपण माळाला पडीक म्हणतो, आणि पुण्य म्हणून त्यावर झाडांसाठी खड्डे खणतो. मीही लोकांना खणायला लावले आहे. झाड लावणे वाईट नव्हे. पण आधी विचारावे, इथे कोण नांदते आहे?

पुढल्या वारीत माळावर विसावा पडला, तर घोंगडी अंथरण्याआधी क्षणभर खाली वाकून पाहा. रामकृष्णहरि!