वाकू न देणारं वाहन

वाहनाने तीर्थाला गेलं तर निम्मं फळ बुडतं, असं तीर्थयात्रेच्या जुन्या ग्रंथांत सांगितलंय. छत्री आणि पादत्राणंही त्या हिशेबातून सुटत नाहीत. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला, त्यात तीर्थयात्रेच्या नियमांचा सगळा पसारा आहे. आमच्या नेवाशात तो फारसा कुणी वाचलेला नाही, पण पाळतात सगळे. दिंडीत पायी जाऊन आलेल्याच्या पाया पडतात; एसटीने पंढरपूर करून आलेल्याकडे नुसता प्रसाद मागतात.

मला हा हिशेब पटत नाही. अहिल्यादेवी होळकर आमच्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. यात्रेकरूंसाठी त्यांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. पुण्य कष्टातच असेल, तर त्यांनी लाखो लोकांचं पुण्य कमी केलं म्हणायचं काय? कुणाची छाती आहे तसं म्हणायची?

मग वाहनात खोट आहे तरी का, आणि असली तर कुठे? बुडापेस्टला सेग्वेवर उभा राहिलो तेव्हा हा प्रश्न पुन्हा वर आला. मुलगी व्हिएन्नाला असते. जावयांनी हौसेने गाईडसह सेग्वेची सहल ठरवली. दोन चाकं, मध्ये उभं राहायची फळी, समोर दांडा, डोक्यावर हेल्मेट. अमेरिकेच्या डीन केमन यांनी २००१ मध्ये हे यंत्र जगापुढे आणलं, तेव्हा आता शहरांचा चेहराच बदलणार अशी हवा होती. तसं काही झालं नाही. २०२० मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं, तरी पर्यटकांच्या रांगा अजून त्याच्यावरून फिरतात. प्रागने मात्र २०१६ मध्येच जुन्या शहरातून त्याला हाकललं.

मजा येते, हे आधी सांगतो. ना पायाशी ब्रेक, ना मुठीत वेग. आतल्या जायरोस्कोपला आपला तोल कळतो. अंग पुढे झुकवलं की गाडी धावते, मागे रेललं की थांबते. सेंट स्टीफन बॅसिलिकासमोर रांग थांबली. १९०५ मध्ये पुरं झालेलं, ९६ मीटर उंचीचं चर्च. हंगेरीचा पहिला राजा संत इश्तवान, त्याचा उजवा हात आत जपून ठेवलाय, असं गाईड मुलीने कानातल्या यंत्रातून सांगितलं. सवयीने माझी पाठ लवली, तशी गाडी पुढे सुटली. गाईड ओरडली. छाती काढून मागे रेललो, तेव्हा थांबली. पुढची ठिकाणं गाठायची होती, त्यामुळे आत कुणीच गेलं नाही.

देवाच्या दारात वाकलं की पळणारं आणि ताठलं तरच थांबणारं वाहन मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा आमचे चांगदेव आठवले; गोदाकाठी पुणतांब्याला त्यांची समाधी आहे. ते वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघाले आणि ज्ञानदेव आणि त्यांची भावंडं बसली होती ती भिंतच त्यांना सामोरी गेली, ही कथा लहान पोरही सांगेल. कीर्तनकार भिंतीच्या चमत्कारावर रमतात. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं: चांगदेव वाघावरून उतरले आणि पाया पडले. आणि भिंत हेही वाहनच होतं की! तिच्यावर बसले म्हणून ज्ञानदेवांचं निम्मं पुण्य गेलं, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

प्रवरासंगमच्या पुलावर एसटीच्या खिडकीतून गोदावरीत नाणं टाकणाऱ्या म्हाताऱ्या मी आयुष्यभर पाहिल्या. बस थांबत नाही, त्यांना उतरताही येत नाही. पण सीटवरच पदर सावरून त्या वाकतात. उलट, शके १२१२ मध्ये ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असं आम्ही मानतो, त्या पैस खांबाशी ताठ मानेने फोटो काढून निघून जाणारे पायी यात्रेकरूही पाहिलेत. तेव्हा पाय की चाक, हा वाद मला फिजूल वाटतो. अंगाला आणि मनाला लवायला जागा राहते का, एवढंच वाहनाला विचारावं. सेग्वे त्यात सपशेल नापास आहे.

बुडापेस्टला गेलात तर ती सहल जरूर करा. पण बॅसिलिकासाठी वेगळा तास ठेवा आणि आत पायी जा.