परवानगीची ओळ

सावकाश बसा. खांदे सैल सोडा.

श्वास येतो आहे, येऊ द्या. जातो आहे, जाऊ द्या.

आता डोळ्यांसमोर एक पान आणा.

गोव्यातली साष्टी. जुवारीकाठचं रायतूर, आजचं राशोल. जेझुइटांच्या कॉलेजातला छापखाना. साल १६१६. पान नुकतंच छापून निघालं आहे, शाई ओली आहे. हात लावू नका. नुसतं पाहा.

वर पुस्तकाचं पोर्तुगीज नाव. त्याखाली इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स यांचं. १५७९ पासून ते गोव्यात आहेत. हेच आपलं ख्रिस्तपुराण. ओव्या मराठी. देवनागरीचे खिळे नाहीत, म्हणून अक्षरं रोमन.

नजर आणखी खाली आणा. तिथे लिहिलं आहे, की हे इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, आणि बिशपांच्या परवानगीनं छापलं.

या ओळीपाशी थांबा.

ही ओळ छापण्याआधी कुणीतरी वाचायला बसलं आहे. ऐका. पान उलटतं. बऱ्याच वेळानं दुसरं.

जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. श्रद्धेला बाध येईल असं कुठे काही आलं आहे का, ते पाहायचं आहे. बोट एका ओवीवर थांबतं. ओठ हलतात. ओवीच ती, मनात म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तुम्हीही तिथेच थांबा. एक श्वास घ्या.

छापण्याआधी तपासण्याचा हा नियम १५४६ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं घातला. धर्माविषयीचं पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय छापायचं नाही, बिशपांनी तपासल्याशिवायही नाही. मंजुरी लेखी हवी, पुस्तकाच्या आरंभी हवी. आणि तपासण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. हे शेवटचं मला फार मोलाचं वाटतं.

परत त्या ओळीकडे या. तिच्यात भीतीही आहे. ती टाळू नका.

याच इन्क्विझिशननं गोव्यात माणसं कोठडीत घातली. पुढे १६८४ साली लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडावी, असा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा हुकूम निघाला.

छातीत काही आवळून आलं, तर येऊ द्या. घाई नाही.

त्या वाचणाऱ्याची सावकाशी मला हवी आहे. त्याच्यामागची कोठडी नको.

पुन्हा श्वास घ्या. आता आणखी काही हात पाहा.

पुराण १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. पुराण उरलं ते हातानं उतरवून घेणाऱ्यांमुळे. चर्चमध्ये ते गायचं होतं.

त्यांच्याजवळ बसा. लेखणी शाईत बुडते. ओवी आधी ओठांवर येते, मग कागदावर. इथेही घाई नाही.

अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी ख्रिस्तपुराण पुन्हा छापलं.

कॅथलिक प्रार्थनापुस्तकांना बिशपांची परवानगी आजही लागते. घरात असं एखादं पुस्तक असेल, तर सुरुवातीची पानं उलटून ती ओळ शोधा. ज्यांनी परवानगी दिली त्यांचं नाव वाचा. मग पहिली प्रार्थना वाचा, शब्दाशब्दावर थांबत, तपासायला बसलेला माणूस वाचतो तशी.